काशीबाईची शिक्षा

पुण्याच्या काशीबाईची हकीकत आपल्यापर्यंत येते ती जोतीराव फुले यांच्या एका टिपणातून. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर लोकांची मते मागवली. ४ डिसेंबरला जोतीरावांनी आपले मत इंग्रजीत लिहून दिले. त्यात ओघाने ही बाई येते.

काशीबाई तरुण ब्राह्मण विधवा. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला नादी लावले, दिवस गेले. गर्भ पडावा म्हणून त्याच्याच सांगण्यावरून तिने विषारी औषधे घेतली; पडला नाही. मुलगा झाला. अब्रूच्या भीतीने तिने त्याला सुरीने मारले आणि प्रेत घरामागच्या विहिरीत टाकले. पोलिसांनी संशयावरून धरले, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला, जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

हे टिपण घटनेनंतर वीसेक वर्षांनी, तेही एका वादात बाजू मांडण्यासाठी लिहिलेले आहे. काशीबाईची गरिबी, तिचे शील, शास्त्र्याचा कावेबाजपणा हे शब्द वकिलीचे आहेत आणि तसेच वाचायला हवेत. मित्राचे घर, मागची विहीर, कोर्ट हा तपशील मात्र जवळून पाहिलेल्या माणसाचा वाटतो. त्यात गोवंड्यांचे नाव आहे, काशीबाईचे आहे, शास्त्रीबुवाचे नाही. भटशाहीवर लिहिताना ज्यांची लेखणी कधी कचरली नाही, त्या जोतीरावांनीच ते गाळावे, हे मला नेहमी खटकते.

चरित्रकार या प्रकरणाला १८६३ हे साल देतात. भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली होती. तीत खुनाला दोनच शिक्षा: फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी. पोटच्या तान्ह्या पोराला आईने मारणे हा वेगळा, सौम्य गुन्हा त्या कायद्यात नव्हताच. म्हणजे न्यायाधीशाने दोहोंतली हलकी शिक्षा दिली, असे म्हणावे लागते.

काळे पाणी म्हटले की आपल्यासमोर अंदमानचे सेल्युलर जेल उभे राहते. त्याचे बांधकाम सुरू झाले १८९६ मध्ये. काशीबाईच्या काळातले पोर्ट ब्लेअर ही जंगल तोडून वसवलेली, जेमतेम पाच वर्षांची वसाहत होती; अधीक्षक डॉ. वॉकर २०० कैदी घेऊन तिथे उतरले ते मार्च १८५८ मध्ये. पुरुषांचा भरणा असलेली ही वसाहत स्थिर व्हावी म्हणून सरकारला बायका हव्या होत्या, आणि चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांना आपसांत लग्न करायला परवानगी मिळे. १८६६ मध्ये शिक्षा होऊन तिथे पोहोचलेले मौलवी जाफर थानेसरी यांनी आपल्या उर्दू आठवणींत अशा संसारांबद्दल लिहिले आहे. त्यांची स्वतःची एक पत्नी अल्मोड्याकडची, शिक्षा होऊन आलेली ब्राह्मण स्त्री होती. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाह वैध झाला होता, तरी पुण्याच्या सदाशिव-शनिवार पेठांत तो करण्याची छाती किती जणांची होती? समुद्रापलीकडे तोच पुनर्विवाह सरकारी धोरणाचा भाग होता.

आणखी एक गोंधळ निस्तरायला हवा. जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेल्या यशवंताच्या आईचे नावही काशीबाई. ती बाळंत झाली १८७४ मध्ये, फुल्यांच्या घरी. भाषणांतून आणि पुस्तिकांतून या दोघींची सरमिसळ होते आणि विहिरीची गोष्ट दत्तकविधानात जाऊन सुखान्त होते. काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती पहिलीला; दुसरीला जो आसरा मिळाला तो पहिलीच्या खटल्यानंतर उभा राहिलेला.

खटला संपताच जोतीरावांनी गंज पेठेतल्या आपल्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. खर्चाची ऐपत नसताना काढले, असे ते स्वतःच लिहितात. ब्राह्मणवस्तीच्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर त्याच्या छापील जाहिराती चिकटवल्या. घर आणि बाळंतपणे सांभाळली सावित्रीबाईंनी. टिपणात १८८४ पर्यंतचा हिशेब आहे: ३५ विधवा आल्या, बाळंत झाल्या, मुले जगली ५. उरलेली ३० दगावली ती, जोतीरावांच्या मते, गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे. काशीबाईने घेतली होती तसलीच औषधे. जाहिराती भिंतींवर होत्या, तरी या बायकांनी आधी तोच उपाय करून पाहिला होता.