आळंदीच्या घाटावर थबकलेला हात

मोबाईल घरी ठेवा. चपला काढा. आज तुम्हाला विधवेचं आलवण नेसायचं आहे: जाडंभरडं, तांबडं, काठाला ना जर ना रंग. पुरुष वाचकांचीही यातून सुटका नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्या. खाली वस्तरा फिरलेलं डोकं आहे आणि कार्तिकातल्या पहाटेचा गारठा थेट टाळूला झोंबतोय. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी, वय एकवीस. काल रात्रीपर्यंत तुम्ही कोणीही असा, वृद्धाश्रमातल्या केअरटेकर, ब्युरोतून घरोघरी जाणाऱ्या मावशी, आईचं डायपर बदलून मग ऑफिसला पळणारा मुलगा. आज तुम्ही पुण्याच्या सेवासदनातल्या विद्यार्थिनी आहात आणि तुमची बैलगाडी आळंदीच्या वेशीशी थांबली आहे. उतरा. पदर सांभाळा, चाकाला वंगण आहे.

आधी आवाज अंगावर येतो. टाळ, मृदंग, चिपळ्या, बैलांच्या घुंगरमाळा, हरवलेल्या पोराला हाका मारणारी कोणी आई, आणि या सगळ्याच्या तळाशी हजारो पायांची घसरपसर. मग वास येतो. ओल्या गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जातो. तुळशीमाळा, बुक्का, कुणाच्या तरी धाबळीला चिकटलेला शेळीचा वास, शेणकुट, घामट बंड्या, आणि इंद्रायणीच्या काठावर रात्रभर मुक्काम केलेल्या माणसांची घाण. हो, तीही. यात्रेची वर्णनं करणारे हा वास नेहमी गाळतात, पण तुम्ही सेवेला आला आहात, तुमच्या नाकाला गाळून चालणार नाही.

आज कार्तिक वद्य एकादशी. देवळात सोन्याच्या पिंपळाला फेऱ्या घालणाऱ्या बायकांची रांग घाटापर्यंत आली आहे. खांद्याला खांदा, पाठीला पोट. गर्दीच्या मध्यावर सापडलात तर पाय जमिनीला न लागता चार पावलं पुढे सरकता. उन्हं वर येतात तसा गारठा पळतो आणि त्या जाड कापडात तुम्ही शिजायला लागता. घरच्या रिवाजानं विधवेला आज पाण्याचा थेंबही नाही. जीभ टाळूला चिकटली आहे आणि काम अजून सुरूही झालेलं नाही.

तुम्हाला इथं आणलंय रमाबाई रानडे यांनी. नवरा दिवंगत न्यायमूर्ती, स्वतःचं वय पन्नाशीकडे झुकलेलं, आणि तरी बाई आषाढी-कार्तिकीला सेवासदनातल्या बायका घेऊन आळंदी गाठतात, यात्रेतल्या बायकांची सेवा करायला. एरवी येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या बराकीत जातात, ससूनच्या रुग्णांसाठी फळं, फुलं, पुस्तकं नेतात. लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. रात्री नवऱ्यापाशी बसून शिकायचं आणि दिवसा घरातल्या बायकांचे टोमणे ऐकायचे, अशी त्यांची शाळा. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं ते अशाच शिकायला उशीर झालेल्या बायकांसाठी. मला या संस्थेबद्दल विलक्षण आदर आहे आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

घाटाच्या पायऱ्यांवर एक म्हातारी बसली आहे. गुडघ्यापर्यंत ओचा खोचलेला, गळ्यात तुळशीमाळ, शेजारी भाकरीचं फडकं. उजवी टाच फुटून त्यात खडा रुतलाय, कडेनं पिवळं पाणी झिरपतंय आणि माश्या बसतायत. तुमच्याजवळ तांब्या आहे, उकळून गार केलेलं पाणी आहे, धुतलेल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आहेत. करायचं काय ते शिकवलेलं आहे. तुम्ही खाली बसता, हात पुढे करता.

आणि हात थांबतो. टाचेपासून वीतभर अलीकडे. जेमतेम श्वास घेण्याइतका वेळ.

म्हातारी ते बघते. पाय मागे ओढून घेते. "र्‍हाऊ द्या बाई, बाटाल तुमी. म्या धुईन की नदीत." रागानं नाही म्हणत. उलट तुम्हालाच सांभाळून घेतल्यासारखं म्हणते, आणि तेच जास्त लागतं. मग तुम्ही पाय धरता, जरा जास्तच घट्ट. जखम धुता, खडा काढता, पट्टी बांधता. पट्टी उत्तम बसते. म्हातारी "माउली, माउली" म्हणत गर्दीत शिरते. आज कोणी तुमच्या कामाची तपासणी केली असती तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

रात्री धर्मशाळेत अठरा जणी ओळीनं आडव्या. घोंगडी टोचते. बाहेर कीर्तन चाललंय. पोटात आग आहे, पोटऱ्या ठणकतायत, तरी झोप येत नाही, कारण तो हात परत परत डोळ्यांपुढे येतो.

हल्ली वृद्धसेवेच्या प्रशिक्षणात पाळी संपली की चार ओळी लिहायला सांगतात. आज काय घडलं, तेव्हा मला काय वाटलं, मी तसं का वागले, पुढच्या वेळी काय करीन. बऱ्याच जणी ती वही घाईघाईत भरतात, "सर्व ठीक" एवढं लिहून सही करतात. त्यांना दोष देववत नाही. बारा तास उचलून-निजवून झाल्यावर पेन जड होतं. तुमच्याकडे आज वहीही नाही, फक्त अंधार आहे. पण प्रश्न तेच आहेत, तेव्हा पडल्या पडल्या सोडवायला घ्या.

हात का थांबला? पहिलं उत्तर लगेच हाताशी येतं: पू बघून किळस आली. कुणालाही येईल. ते उत्तर बाजूला सारा, त्याच्या खाली दुसरं आहे. लहानपणापासून सोवळ्यात वाढलेलं अंग आहे हे. कुणाला शिवायचं, कुणाला नाही, हे डोक्याच्या आधी बोटांना कळतं. हेही खरं. अजून खाली उतरा. तुमच्या सासरच्या वाड्यात सकाळी दिंडी दरवाजा उघडून कोणी बाहेर पडायला लागलं की तुम्हाला आतल्या खोलीत व्हावं लागतं. शुभकार्याला निघालेल्यानं तुमचं तोंड बघायचं नाही. कितीदा कुणी समोर येता येता थबकलंय, पायरीवरून परत फिरलंय. ते थबकणं समोरून कसं दिसतं हे साऱ्या आळंदीत तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? आणि आज ते तुमच्याच हातानं केलं.

इथं रडू येईल. येऊ द्या, पण तिथंच थांबू नका. रडून मोकळं होणं आणि त्यातून काही उचलणं यांत अंतर आहे, आणि सेवेचं शिक्षण मला या अंतरातच दिसतं. म्हातारीला टोचला तो तुमचा स्पर्श नव्हता, त्याआधीचा न बोललेला क्षण होता. हात थांबणार असेल तर थांबो, पण तेवढ्या वेळात तोंडानं काहीतरी बोलता आलं असतं. "माय, पाय बघू का?" एवढंच. एवढं सापडलं की कूस बदला आणि झोपा.

आता पुण्यात चला. ससूनची काळ्या दगडाची इमारत, उंच छत, लोखंडी खाटांच्या रांगा, आणि घशाला धरणारा कार्बोलिकचा वास. सेवासदनच्या मुली इथं नर्सिंग शिकतात आणि गावात त्याची छी-थू चालू असते. परक्याचं मलमूत्र काढणं हे घरंदाज बाईचं काम नव्हे म्हणतात. रुग्ण त्याहून घाबरलेले. दवाखान्यात गेलेला माणूस आडवाच बाहेर येतो, ही प्लेगच्या दिवसांपासूनची समजूत.

दोन नंबरच्या खाटेवरच्या आजींच्या छातीत कफ दाटलाय. जवसाचं पीठ उकळत्या पाण्यात ढवळा, लाकडी पळी उभी राहीपर्यंत. फडक्यावर पसरा, कडा दुमडा. आता ते पोटीस आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. चटका बसला? मग थांबा. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते. सोसवेल इतकं निवलं की खाटेजवळ जा, आणि हात लावायच्या आधी बोला: "आजी, छातीला शेक देते हं. गरम लागलं तर सांगा." आजी मान हलवतात. पाठीवर लाल चट्टा उठलाय का बघा. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर तिथं जखम होते, तेव्हाही आणि आजही. पुस्तकातलं हे सगळं मेट्रन शिकवते. बोलायचं मात्र तुम्ही आळंदीहून आणलंय.

आज संध्याकाळी सेवासदनचा बक्षीस समारंभ आहे. गॅसबत्त्यांची घूं-घूं, अत्तर, गजरे, सज्जात कॉलेजची मुलं दाटीवाटीनं बसलेली. तुमच्या पुढच्या मुलीचं नाव पुकारलं जातं. तीही तुमच्यासारखीच, बोडकी, तांबड्या आलवणातली. ती मंचावर पाऊल ठेवते आणि सज्जातून फुत्कार सुरू होतात, कुचेष्टेचं हसू फुटतं. तिची मान खाली जाते. तुमचा नंबर तिच्या मागचा आहे. तुमच्या कानांच्या पाळ्या तापतात, तळवे ओले होतात, पाय उचलत नाही. तरी उचला. मंच ओलांडायला दहा पावलं लागतात.

शेवटी आभार मानायला रमाबाई उठतात. आभार बाजूला राहतात. त्या सज्जाकडे बघून त्या मुलांना विचारतात की तुम्हाला सुशिक्षित तरी कसं म्हणायचं; रूढीनं आधीच ज्यांची अशी दशा केली, त्या आपल्याच बहिणींना हसता? सज्जा गप्प होतो.

तुम्हाला फार वेळ बसता यायचं नाही. रात्रपाळी आहे. बक्षिसाचं पुस्तक ओच्यात खोचा आणि झपाझप ससूनकडे निघा. आजींची कूस बदलायची आहे. दुपारी शेक देताना, इतकं सांगूनही, त्या एकदा दचकल्या होत्या. पोटीस गरम होतं, की दारात उभ्या असलेल्या सुनेला बघून दचकल्या, हे त्यांना अजून विचारायचं राहिलंय.