नारी सुवर्णा (मेंढी)

नारी सुवर्णा ही फलटण (जि. सातारा) येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली मेंढीची संकरित जात आहे. दख्खनी मेंढीला एका वेतात बहुधा एकच कोकरू होते. सुंदरबनातील गारोल मेंढी जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु तिची चण फारच लहान असल्याने थेट संकरातील कोकरे वजनात कमी भरतात. म्हणून संकरित पिढ्यांचा दख्खनीशी पुन्हा संकर करून अंगलट राखण्यात आली आणि जुळ्यांस कारणीभूत असलेले ‘फेकबी’ जनुक प्रत्येक पिढीत रक्तचाचणीने निवडले गेले. मांसासाठी नावाजलेल्या कर्नाटकातील बन्नूर मेंढीचाही या संकरात उपयोग केला आहे. अर्थात, जुळी झाली म्हणजे उत्पन्न दुप्पट झाले असे नव्हे. गाभणकाळात व विल्यानंतर मेंढीला खुराक न मिळाल्यास दूध अपुरे पडते आणि अशक्त कोकरू दगावते.