तीन तोंडांचा द्वारपाल

संगणकाच्या इतिहासात वेगाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात, कुलपांच्या फार कमी. आज मी सांगणार आहे ती एका कुलपाचीच गोष्ट.

पूर्वी संस्थेत एकच मोठा संगणक असे. तो बंद खोलीत, देखरेखीखाली. फायली त्याच्याच पोटात असत, आणि कोण आले, कोण गेले हे तोच पाहत असे. मग 1980 नंतर टेबलाटेबलावर स्वतंत्र यंत्रे आली. फायली मात्र वेगळ्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, एकत्र ठेवणे सोयीचे होते. 1985 साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची एनएफएस ही पद्धत आली, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाची फाइल आपल्याच यंत्रात असल्यासारखी उघडू लागली.

पण फाइल मागणारा कोण, हे सर्व्हरला कसे कळायचे? टेबलावरचे यंत्र सांगे, ‘मागणारा क्रमांक 512 आहे.’ सर्व्हर ते खरे मानून 512 क्रमांकाच्या माणसाची फाइल देऊन टाकी. आज ऐकताना हा भाबडेपणा वाटतो. मला तो तितका वाटत नाही. प्रत्येक यंत्र कुणा जबाबदार माणसाच्या ताब्यात आहे, हे त्यामागचे गृहीत होते आणि लहान कार्यालयात ते खरेही होते.

ते गृहीत मोडले अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. डिजिटल आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीने 1983 मध्ये तिथे ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू झाला. शेकडो यंत्रे विद्यार्थ्यांसाठी खुल्या खोल्यांत मांडली गेली. या सार्वजनिक यंत्रांचा व्यवस्थापकाचा परवलीचा शब्दही उघड ठेवलेला होता! म्हणजे समोर बसेल तो त्या यंत्राचा मालक. त्याने यंत्राकडून हवा तो क्रमांक वदवून घ्यावा आणि दुसऱ्याच्या फायलींत शिरावे. कुणाचा अर्धा लिहिलेला प्रबंध, कुणाची खासगी पत्रे, सारे तारेवरूनच येणारे. यंत्राच्या शब्दाला किंमत उरली नव्हती.

यावरचा तोडगा कागदावर तयार होता. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी 1978 मध्येच तो मांडला होता: दोघांचा एकमेकांवर विश्वास नसेल, तर दोघांचा विश्वास असलेला तिसरा मध्ये घ्यावा. त्या आधारे स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन यांनी ‘कर्बेरॉस’ रचले. हे ग्रीकांच्या पाताळाच्या दारावरच्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे नाव. (आपल्या यमाच्या वाटेवर कुत्रे दोन, आणि त्यांना डोळे चार-चार!)

त्याची रीत अशी. कुलूपबंद खोलीतल्या एका यंत्राला प्रत्येक माणसाचे आणि प्रत्येक सर्व्हरचे गुपित ठाऊक असते. तुम्ही फक्त नाव कळवता. ते तुमच्या गुपिताने बंद केलेले पाकीट पाठवते. खरा परवलीचा शब्द ज्याच्याकडे आहे त्यालाच ते उघडते, आणि तो शब्द तारेवरून कधीच जात नाही. पाकिटातल्या ऐवजावर पुढे हव्या त्या सर्व्हरसाठी तिकीट मिळते. ते त्या सर्व्हरच्या गुपिताने बंद असल्यामुळे तुम्हांला वाचता येत नाही, फक्त दाखवता येते. अथेनात ते आठ तास चाले. चोरलेली चिठ्ठी नंतर कुणी वापरू नये म्हणून तिच्यावर वेळ घातलेली असते. त्यामुळे सगळ्यांची घड्याळे जुळलेली लागतात. साधारण पाच मिनिटांचा फरक खपतो.

जानेवारी 1987 पासून अथेनाचे 5,000 वापरकर्ते, 650 यंत्रे आणि 65 सर्व्हर याच द्वारपालाच्या भरवशावर होते.

पण फायलींपाशी गाडी अडली. प्रत्येक वाचन-लेखनाला तिकीट तपासायचे, तर त्या काळच्या यंत्रांना ते झेपणारे नव्हते. मग मधला मार्ग निघाला. फायलींचा साठा जोडताना एकदाच तिकीट तपासायचे आणि सर्व्हरने नोंद करायची की, अमुक यंत्रावरचा अमुक क्रमांक म्हणजे हा माणूस. माणूस उठून गेला की नोंद पुसायची. तो बसलेला असेपर्यंत त्याच्या नावाने लबाडी शक्य होती, हे कर्त्यांनीच लिहून ठेवले आहे. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

गुप्तलेखनावर तेव्हा अमेरिकेची निर्यातबंदी होती. म्हणून ते काढून टाकलेली प्रत परदेशी गेली. तिचे नाव ‘बोन्स’, म्हणजे हाडे! बाहेरच्यांनी गाळलेला भाग पुन्हा स्वतः लिहिला.

कर्बेरॉसची पाचवी आवृत्ती 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. मायक्रोसॉफ्टने ती विंडोज 2000 मध्ये घेतली. एनएफएसच्या 2000 सालच्या चौथ्या आवृत्तीच्या नियमांत तर प्रत्येक मागणीसोबत कर्बेरॉसची ओळख तपासण्याची सोय असणे सक्तीचे झाले. सोय सक्तीची, वापर मात्र नव्हे. लिनक्सच्या सर्व्हरवर व्यवस्थापकाने वेगळे काही लिहिले नाही, तर आजही टेबलावरचे यंत्र क्रमांक सांगते आणि सर्व्हर तो मानतो.