दिल्लीतील निवारा : नियमांचा इतिहास आणि आपण

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या गणेशोत्सवांचा, नाटकांचा आणि निरलस कार्यकर्त्यांचा गौरव इतर लेखक यथोचित करतीलच. आम्ही मात्र एका रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे दिल्लीतील घर, आणि त्या घराभोवती गेल्या शंभराहून अधिक वर्षांत उभे राहिलेले नियमांचे कुंपण.

पुण्यास वा नागपुरास राहणाऱ्या आपल्या आप्तांस घर बहुधा वडिलोपार्जित वाड्यातून, निदान ओळखीपाळखीतून मिळाले. दिल्लीत आलेल्या मराठी माणसाच्या हाती मात्र प्रथम बदलीचा हुकूम असे. "क्वार्टर मिळाले का?" हा प्रश्न येथे क्षेमकुशलाच्या आधी विचारला जाई. दिल्लीत आपण कोठे राहिलो, किती वर्षे राहिलो, मुले कोणत्या शाळेत गेली आणि मंडळाच्या सभेस यावयाला कोणती बस धरावी लागली, हे पुष्कळ अंशी कोणत्या ना कोणत्या नियमाने ठरविले. म्हणून या नियमांचा इतिहास हा एका परीने आपलाही इतिहास आहे.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्ज बादशहाने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा केली. त्या वेळी येथे नगरपालिका होती, ती १८६३ सालची. पण राजधानीचा नोकरवर्ग सामावून घेण्याजोगी घरे नव्हती. तेव्हा सिव्हिल लाइन्सच्या उत्तरेस तात्पुरती राजधानी वसविण्यात आली आणि कारकुनांसाठी तिमारपूर येथे वसाहत उठली. हिवाळा दिल्लीत आणि उन्हाळा सिमल्यास असा सरकारचा आणि त्याच्या मागोमाग कारकुनांच्या संसाराचा फेरा दीर्घकाळ चालू राहिला.

पुढे रायसीना टेकडीभोवती नवी दिल्ली उभी राहिली व १९३१ च्या फेब्रुवारीत तिचे उद्घाटन झाले. या शहरात घराचा आकार, आवाराची लांबीरुंदी आणि सचिवालयापासूनचे अंतर ही सर्व नोकराच्या दर्जावर बेतलेली होती. भारतीय राहणीच्या कारकुनांसाठी बांधलेली घरे 'ऑर्थोडॉक्स' आणि युरोपीय राहणीच्यांसाठी बांधलेली 'अनऑर्थोडॉक्स' अशी चक्क सरकारी वर्गवारी होती. गोल मार्केटच्या परिसरातील चौकांत व अंगणांत आपल्याकडील अनेक जुन्या घराण्यांची दिल्लीतील पहिली पिढी वाढली. पगारावरून घराची श्रेणी आणि नोकरीच्या ज्येष्ठतेवरून प्रतीक्षायादीतील क्रमांक ठरविण्याची जी पद्धत तेव्हा पडली, तिचा सांगाडा पुढेही फारसा बदलला नाही.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि दिल्लीतील कचेऱ्या एकाएकी फुगल्या. घरे तेवढीच, माणसे दुपटीने. अर्थातच भाडी भडकली. तेव्हा सरकारने १९३९ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली नवी दिल्लीतील घरभाड्यांवर नियंत्रण आणले. १९४२ मध्ये पंजाबचा भाडेनियंत्रण कायदा शहराच्या उर्वरित भागास लागू केला आणि १९४४ मध्ये स्वतंत्र वटहुकूम काढला. उपाय युद्धकाळापुरता होता. पण युद्ध संपते न संपते तोच फाळणी झाली. सुमारे पाच लाख निर्वासित दिल्लीत आले. १९४१ च्या शिरगणतीत ९ लाख १८ हजार असलेली लोकसंख्या १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजार झाली. मशिदी, मकबरे, शाळा आणि पदपथ यांवर संसार मांडले गेले. केंद्रीय मंत्रिमंडळात बांधकाम खाते त्या काळी (१९४७ ते १९५२) आपल्या काकासाहेब गाडगीळांकडे होते. एकीकडे निर्वासित आणि दुसरीकडे नव्या स्वतंत्र सरकारचा वाढता नोकरवर्ग, असा तो काळ होता.

अशा वेळी तात्पुरता उपाय मागे घेणे कोणास शक्य होते? १९४७ आणि १९५२ चे कायदे होऊन अखेर १९५८ चा दिल्ली भाडेनियंत्रण कायदा आला व ९ फेब्रुवारी १९५९ पासून अमलात आला. या कायद्याने भाडेकरूस जे दिले ते मोलाचे होते. घरमालकाने भाड्याची पावती दिलीच पाहिजे. त्याने भाडे घेण्याचे नाकारल्यास भाडेकरूने ते नियंत्रकाकडे भरावे. पाणी व वीज तोडून भाडेकरूस छळता येणार नाही. पागडी घेता येणार नाही. आणि कायद्यात नमूद केलेल्या कारणांखेरीज घर खाली करविता येणार नाही. परगावाहून आलेल्या, भाषेनेही परक्या असलेल्या कारकुनाच्या हाती ती भाड्याची पावती म्हणजे शहरातील रहिवासाची सनदच होती. रेशनकार्डापासून शाळाप्रवेशापर्यंत तिचा उपयोग होई.

परंतु याच कायद्याने 'प्रमाणित भाडे' हे जुन्या घरांच्या बाबतीत १९४४ पूर्वीच्या भाड्याशी आणि नव्या घरांच्या बाबतीत बांधकाम सुरू झाले त्या वेळच्या खर्चाशी व जमिनीच्या किमतीशी बांधून टाकले. महागाई वाढत गेली, भाडे जागच्या जागी राहिले. घरदुरुस्तीचे कर्तव्य कायद्याने मालकावर ठेवले खरे; पण महिन्याकाठी हाती पडणाऱ्या रकमेत गवंड्याची एका दिवसाची मजुरीही निघेना, तेव्हा दुरुस्ती करणार कोण? जुन्या शहरातील कित्येक हवेल्या अशा रीतीने मालक आणि भाडेकरू यांच्या डोळ्यांदेखत खचत गेल्या. गलिच्छ वस्त्यांविषयीच्या १९५६ च्या कायद्यान्वये तेथील भाडेकरूस काढण्यापूर्वी आणखी एका अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक होती. ज्यांच्याकडे रिकामी खोली होती ते ती भाड्याने देण्यास कचरू लागले. गच्चीवरची एक खोली म्हणजे दिल्लीकरांची 'बरसाती'. तीही ओळख पटल्याखेरीज आणि हाती जबर रक्कम पडल्याखेरीज मिळेना. तात्पर्य, जो आत होता तो सुरक्षित झाला आणि जो बाहेर होता त्याच्यासाठी दार अधिक जड झाले.

आमच्या मते दिल्लीच्या गृहनियमांच्या इतिहासाचे हेच सूत्र आहे. प्रत्येक नियम एका खऱ्या अडचणीतून जन्मास आला. त्याने त्या वेळी घरात असलेल्यास आधार दिला. आणि अडचण पालटली तरी तो राहिला, म्हणून नंतर येणाऱ्यास त्याचा जाच झाला.

जमिनीविषयीच्या नियमांतही हेच दिसते. १९५५ च्या अखेरीस नजफगढ नाल्याचे पाणी वजिराबादच्या पाणीपुरवठा केंद्राच्या मुखाशी शिरले आणि शहरात काविळीची भीषण साथ पसरली. सुमारे २९ हजार लोकांस कावीळ झाल्याचा अंदाज आहे. अनिर्बंध वाढणारे शहर काय अनर्थ करू शकते हे या साथीने सर्वांस दाखविले. शहररचनेचे जे प्रयत्न त्याच सुमारास सुरू झाले होते, त्यांस त्यामुळे निकड प्राप्त झाली. १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण, म्हणजे आपल्या नित्याच्या बोलण्यातले डीडीए, अस्तित्वात आले. १९५८ मध्ये महानगरपालिका स्थापन होऊन श्रीमती अरुणा असफअली पहिल्या महापौर झाल्या. १९५९ मध्ये ३४ हजार एकरांहून अधिक जमीन संपादनासाठी अधिसूचित झाली. आणि १ सप्टेंबर १९६२ पासून शहराची बृहद्‌योजना लागू झाली. जमिनीचा सट्टा थांबावा व सामान्यास परवडेल असे घर मिळावे, हा हेतू स्तुत्यच होता. परंतु जमीन पुरविणारा एकच झाला आणि त्याचा वेग लोकसंख्येच्या वेगापुढे टिकला नाही. १९७९ च्या नोंदणी योजनेत मध्यम, अल्प उत्पन्न आणि जनता या गटांत मिळून १ लाख ७० हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. त्यांतील कित्येकांस घराची किल्ली मिळेपर्यंत दोन दशके लोटली. अर्ज भरताना कडेवर असलेली मुलगी किल्ली येईतो सासरी गेलेली असे.

घर मिळाल्यावरही ते पूर्णांशाने आपले नसे. जमीन पट्ट्याने दिलेली. विक्री करावयाची तर परवानगी घ्या आणि वाढलेल्या किमतीतील अर्धा हिस्सा सरकारात भरा. त्यातून पळवाट म्हणून मुखत्यारपत्रावर घरे विकण्याची प्रथा पडली. १९९२ मध्ये पट्ट्याचे घर पूर्ण मालकीचे करून घेण्याची योजना आली, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही असे स्पष्ट केले. आपल्यापैकी ज्यांची घरे अशा कागदांवर घेतलेली होती, त्यांना या निर्णयाचा अर्थ समजावून घेण्यासाठी वकिलांचे उंबरे झिजवावे लागले.

या सर्वांत आपण सरकारी नोकर कोठे होतो? खरे सांगावयाचे तर दोन्ही बाजूंना होतो. याचे बोलके उदाहरण १९७५ चे आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात सरकारने ठरविले की, ज्या नोकराचे दिल्लीत स्वतःचे घर आहे त्याने सरकारी क्वार्टर सोडावे, नाहीतर बाजारभावाने भाडे भरावे. अनेकांनी कर्ज काढून घर बांधले होते, हप्ते फेडण्यासाठी ते भाड्याने दिले होते आणि स्वतः क्वार्टरात राहत होते. आता आपल्याच घरात जावे तर भाडेकरू कायद्याच्या आश्रयाने बसलेला! तेव्हा १ डिसेंबर १९७५ पासून वटहुकुमाने आणि नंतर १९७६ च्या दुरुस्तीने भाडेनियंत्रण कायद्यात नवे कलम घालून अशा नोकरास आपले घर शीघ्र परत मिळण्याची वाट करून देण्यात आली. कलम न्याय्य होते. पण त्यामुळे ज्याला घर सोडावे लागले, तो भाडेकरूही पुष्कळदा क्वार्टरच्या प्रतीक्षायादीत ताटकळणारा दुसरा सरकारी नोकरच होता. कालचा भाडेकरू आज घरमालक झाला की त्याची कायद्याविषयीची मते बदलतात. हे आपल्या मंडळींतही पाहावयास मिळाले आहे.

क्वार्टरविषयीही आत्मपरीक्षण आवश्यक आहे. पोटभाडेकरू ठेवणे, निवृत्तीनंतर मुदत उलटली तरी घर न सोडणे आणि पाळी डावलून वशिल्याने घर मिळविणे हे प्रकार नियम कडक असूनही चालत राहिले. १९७१ च्या सार्वजनिक जागांविषयीच्या कायद्याने अनधिकृत रहिवाशांस काढण्याची तजवीज केली. तरी पाळी डावलून होणाऱ्या वाटपास खरा आळा १९९६ नंतर, सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण हाती घेतल्यावर बसला. तोवर यादीतल्या प्रामाणिक माणसाची वर्षे गेली ती गेलीच. रांगेत एक जण पुढे घुसला की मागचे सगळे एकेक पाऊल मागे सरकतात. केवळ त्यांचा आवाज ऐकू येत नाही.

भाडेनियंत्रणात सुधारणेचे प्रयत्नही झाले. १९८८ च्या दुरुस्तीने दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याची घरे कायद्याच्या कक्षेबाहेर काढली आणि दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढीची मुभा दिली. १९९५ मध्ये संसदेने नवा भाडे कायदा संमत केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. परंतु जुन्या बाजारपेठांतील भाडेकरू व्यापाऱ्यांचा विरोध इतका तीव्र होता की तो अमलातच आला नाही. २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरार कायदा संमत करून राज्यांकडे धाडला. दुसरीकडे, २०१६ मध्ये सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर आदी सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीस मंजुरी मिळाली. ज्या बैठ्या घरांच्या अंगणांत आपली मुले खेळली ती घरे पाडली जाऊ लागली. २०१८ मध्ये तेथील जुन्या वृक्षांच्या तोडीविरुद्ध नागरिक उभे राहिले आणि उच्च न्यायालयाने ती तोड थांबविली. वर्षानुवर्षे बदलीवर आलेली आणि बदलीवर गेलेली माणसे त्या झाडांसाठी एकत्र आली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. जेथे आपली मालकी नाही तेथेही आपुलकी असू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

या इतिहासातून मंडळाच्या तरुण सभासदांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट, आपल्या घरास कोणता नियम लागू आहे ते कागद वाचून समजून घ्यावे. ऐकीव माहितीवर संसार उभारू नये. भाडे दिल्यास पावती घ्यावी, घेतल्यास द्यावी. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. नियम आपल्या बाजूने असेल तेव्हा दाराबाहेर उभ्या असलेल्याचा विचार करावा. क्वार्टर मुदतीत सोडणे, ठरल्याप्रमाणे भाड्याचे घर रिकामे करणे, पाळी येईतो थांबणे, ही बिनबोभाट केलेली कृत्ये कोणत्याही स्मरणिकेत छापली जात नाहीत. पण त्यांच्यामुळेच कोणा नवख्या कुटुंबास या शहरात वेळेवर छप्पर मिळते.

मंडळाच्या पन्नास वर्षांत अनेक कुटुंबांना पहिली खोली मंडळातल्याच कोणाच्या शब्दावर मिळाली. त्या व्यवहाराला कोणत्याही कायद्याचे कलम लागले नाही. एकाने भरवसा ठेवला आणि दुसऱ्याने तो राखला. ही परंपरा पुढील पन्नास वर्षांतही अखंड राहो, अशी श्रीगजाननाच्या चरणी प्रार्थना करून आम्ही हे लेखन पुरे करतो.