कंपवातातील झोपेचे विकार

कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार, आणि त्याच्या जातकुळीतल्या मेंदूच्या झिजेच्या आजारांत झोपेची घडी विस्कटते. जेम्स पार्किन्सनने १८१७ च्या निबंधातच रोग्याच्या झोपमोडीची नोंद केली होती. दवाखान्यात मात्र अजूनही हाताच्या थरथरीची चौकशी आधी होते. रात्र कशी जाते, हे विचारायचे राहून जाते.

सर्वांत बोलके लक्षण म्हणजे स्वप्नवर्तन विकार. स्वप्ने पडतात त्या झोपेत मेंदूचा देठ हातापायांचे स्नायू सैल सोडतो, म्हणून स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणात पडूनच असतो. या विकारात हा लगाम सुटतो. माणूस ओरडतो, लाथा झाडतो, शेजारी झोपलेल्या बायकोला गुद्दे बसतात. त्याला मात्र अनेकदा यातले काही ठाऊक नसते. शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये अमेरिकेत या विकाराचे वर्णन केले. २०१९ च्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात अशा १,२८० जणांचा मागोवा घेतला, तेव्हा १२ वर्षांत कंपवात किंवा त्याच वर्गातला आजार जडण्याचे प्रमाण सुमारे ७४ टक्के निघाले. थरथर सुरू होण्याच्या कितीतरी आधी रात्र बोलू लागते, ती अशी.

पण ही खूण सहज नजरेआड होते. भुसावळचेच बघा, हे रेल्वेचे गाव. रात्रपाळ्यांत आयुष्य गेलेल्या माणसाचे बरळणे ‘ड्युटीची सवय’ म्हणून सोडून देणे इथे सोपे आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, अंथरुणे गच्चीवर, धाब्यावर पडतात. झोपेत उठून हातपाय झाडणाऱ्याला कठडा नसलेल्या धाब्यावर कधीही झोपवू नये. त्याची गादी जमिनीवर घालावी. अंग ताठरलेल्या रोग्याला मात्र जमिनीवरून उठवत नाही, त्याला भिंतीलगतचा बुटका पलंग बरा.

रात्री लेव्होडोपा या कंपवातावरच्या औषधाचा असर ओसरला की कूस वळत नाही, पहाटे पायाची बोटे मुडपून दुखतात, लघवीला पुन्हा पुन्हा उठावे लागते. जड गोधडीखाली वळणे आणखी कठीण. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या कंपवातावरच्याच गोळ्यांनी काहींना दिवसा अचानक डुलकी लागते. अशांनी मोटारसायकल चालवू नये. गोळी मात्र मनाने बंद करू नये, एकाएकी थांबवल्यास जिवावर बेतू शकते.

स्वप्नवर्तनावर मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात. क्लोनाझेपामने वृद्धांचा तोल जाण्याची भीती असते. निदानासाठी निद्रा-तपासणी लागते, पण पहिली साक्ष शेजारी झोपणाऱ्याची. त्या व्यक्तीने मोबाइलवर टिपलेली दोन मिनिटांची चित्रफीत डॉक्टरांना दाखवावी. झोपेत श्वास घेताना शिट्टीसारखा चिरका आवाज येत असेल, तर ते नेहमीचे घोरणे नव्हे. बहुप्रणाली क्षय या कंपवाताच्या जातकुळीतल्या आजारात स्वरयंत्र आवळल्याने तो येऊ शकतो, तेव्हा दिरंगाई करू नये.