जलविमान : उदय आणि ऱ्हास

पाण्यावरून उड्डाण करून पाण्यावरच उतरणाऱ्या विमानास जलविमान म्हणतात. ह्या एका संज्ञेत दोन भिन्न रचनांचा समावेश होतो. पहिलीत विमानाला चाकांऐवजी पोकळ तरंगक जोडलेले असतात. दुसरीत विमानाचा देहच नौकेचा असतो, म्हणून तिला ‘उडती नौका’ हे नाव सार्थ ठरते. दोहोंचा इतिहास मात्र एकाच प्रश्नाशी निगडित आहे : विमानाने धावावे कोठे?

२८ मार्च १९१० रोजी फ्रान्समध्ये मार्सेयजवळील बेर सरोवरावरून आंरी फाब्र ह्याने एंजिनयुक्त जलविमानाचे पहिले उड्डाण केले. अमेरिकेत ग्लेन कर्टिस ह्याने १९११ मध्ये तरंगकांचे विमान व १९१२ मध्ये उडती नौका सिद्ध केली. वेग वाढला तरी पाणी नौकेच्या तळाला ओढून धरी, ही मुख्य अडचण होती. कर्टिसने तळाला आडवी पायरी ठेवली. तिच्या मागील पोकळीत हवा शिरून ती ओढ तुटे व नौका पाण्यापासून सुटे.

त्या काळी विमानतळ थोडे व लहान होते. जलाशयांवर मात्र हवी तेवढी लांब धाव घेता येई. म्हणूनच जड, अतिवेगवान विमाने प्रथम पाण्यावर अवतरली. १९३४ मध्ये फ्रांचेस्को आजेल्लो ह्या इटालियन वैमानिकाने ताशी ७०९ किलोमीटरांचा जागतिक उच्चांक जलविमानातूनच केला. इंपीरियल एअरवेजच्या उडत्या नौका तर पूर्वेकडे जाताना राजस्थानातील राजसमंद सरोवरावर उतरत. समुद्रापासून दूरच्या प्रदेशातही तळे हेच विमानतळ झाले होते.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र पालटले. लष्करी गरजेपोटी जगभर लांब, पक्क्या धावपट्ट्या तयार झाल्या. पाण्यावर फुकट मिळणारी सोय जमिनीवरही उपलब्ध होताच नौकाकृती देहाचे वजन व वाऱ्याला होणारा त्याचा अवरोध, लाटा, तरंगते ओंडके आणि खाऱ्या पाण्याने चढणारा गंज हे दोष महाग वाटू लागले. ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेजने १९५० मध्ये आपली उडत्या नौकांची सेवा बंद केली.

ह्यावरून जलविमान सदोष होते असा निष्कर्ष काढणे युक्त नव्हे. त्याला जन्म देणारी परिस्थिती लोपली, एवढेच. जेथे पाण्याचीच गरज आहे तेथे ते टिकून आहे. कॅनडेअर सीएल-४१५ हे अग्निशामक विमान तळ्यावरून सरकत जाऊन सुमारे १२ सेकंदांत ६,००० लिटरांहून अधिक पाणी भरून घेते व वणव्यावर ओतते. एखाद्या यंत्राच्या ऱ्हासाचे कारण त्याच्या रचनेत शोधण्यापूर्वी त्याच्या पायाखालच्या भूमीत शोधावे, हाच ह्या इतिहासाचा बोध होय.