सिंगापूरच्या तोफांवरचा आळ

सिंगापूरच्या बंदराचं पश्चिम तोंड राखण्यासाठी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या सेंटोसा बेटावर फोर्ट सिलोसो उभारला. आता तिथे लष्करी संग्रहालय आहे. तोफा, दारूगोळ्याची भुयारी कोठारं आणि 1942 च्या शरणागतीचे मेणाचे पुतळे पाहणाऱ्या अनेकांच्या कानावर एक गोष्ट आधीच पडलेली असते: तोफांची तोंडं समुद्राकडे होती, जपानी मागच्या दाराने आले, म्हणून सिंगापूर पडलं. ही गोष्ट लक्षात राहायला सोपी आहे, पण ती खऱ्या दोषींना मोकळं सोडून बिचाऱ्या तोफांवर आळ घेते.

पुरावा वेगळं सांगतो. सिंगापूरच्या बहुतेक किनारी तोफा जमिनीकडे वळू शकत होत्या आणि वळवल्याही गेल्या. चांगीच्या 15 इंची तोफांनी आणि सेंटोसावरच्याच कॉनॉट तोफखान्याच्या 9.2 इंची तोफांनी जपानी फौजेवर मारा केला; सिलोसोच्या तोफाही मुख्य सिंगापूर बेटाच्या दिशेने डागल्या गेल्या. अडचण गोळ्यांची होती. युद्धनौकांचं पोलाद भेदण्यासाठी बनवलेले गोळे मऊ मातीत खोल रुतत आणि पायदळाचं फारसं नुकसान करत नसत.

मग आळ निराळ्या शब्दांत खराच ठरला, असं कुणी म्हणेल. ब्युओना व्हिस्टाच्या दोन 15 इंची तोफा तर उत्तरेकडे मारा करूच शकत नव्हत्या. हे मान्य करायलाच हवं. पण किनारी किल्ल्याचं काम समुद्र अडवण्याचं, आणि बंदरावर समुद्रातून थेट चढाई झालीच नाही. ज्या कामासाठी तोफा बसवल्या, ते त्यांनी केलं. संपूर्ण मलाया राखण्याचं काम त्यांचं कधीच नव्हतं. ते विमानांचं, आरमाराचं आणि भूदलाचं होतं.

तिथेच घात झाला. उत्तरेकडून, मलायातून हल्ला होऊ शकतो, हा इशारा सेनापती डॉबी यांनी 1937 मध्येच दिला होता, आणि तो अंदाज तयार करणारे अधिकारी होते पर्सिव्हल, म्हणजे पुढे शरणागती पत्करणारे सेनापती. सेनाप्रमुखांनी 336 विमानं लागतील असं ठरवलं. युद्ध सुरू झालं तेव्हा आघाडीची 158 होती. 8 डिसेंबर 1941 ला जपानी कोटा बारूला उतरले. दोनच दिवसांत प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या युद्धनौका विमानांनी बुडवल्या. 8 फेब्रुवारीच्या रात्री जोहोरची सामुद्रधुनी ओलांडली गेली आणि 15 फेब्रुवारीला सिंगापूर पडलं.

इशाऱ्याकडे झालेल्या या दुर्लक्षाची किंमत भारतीयांनीही मोजली. 17 फेब्रुवारीला फॅरर पार्कवर हजारो भारतीय युद्धकैदी जपान्यांच्या हवाली झाले. आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी त्यांच्यातूनच झाली. म्हणून सिलोसोच्या तोफांपुढे उभं राहणाऱ्याने त्यांची तोंडं कुठे आहेत एवढंच पाहू नये. इशारा मिळूनही तो फायलीत का पडून राहिला, हे विचारावं. सिंगापूर तोफांमुळे पडलं नाही; ते लंडनमधल्या निर्णयांमुळे पडलं.